जास्तीचे तांदूळ



आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. अमरेश्वराहून हे दोघे कल्याणला आले. मारय्यांचे कायक म्हणजे महात्मा बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे. लक्कम्माने ते रांधायचे, जंगमांना प्रसाद द्यायचा आणि उरेल त्यावर दोघांनी समाधान मानायचे, असा त्यांचा नेम होता. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. बसवण्णांनी परीक्षा पाहण्यासाठी मुद्दाम जास्त सांडून ठेवले होते, असे परंपरा सांगते. लक्कम्माच्या हाताला वजनातला फरक लगेच कळला. आजच इतके कसे, असे तिने विचारले आणि रोजच्यापुरते ठेवून बाकीचे जिथून आणले तिथे परत टाकून यायला सांगितले. मारय्या मुकाट्याने मागे फिरले.

या कथेवर आम्ही आजवर पुष्कळ वेळा निरूपण केले आहे. तांदूळ म्हणजे धन, जास्तीचे तांदूळ म्हणजे संग्रहाचा लोभ, असा अर्थ आम्ही नेहमी सांगत आलो. तो अर्थ खोटा नाही. परंतु २०२२ साली एका शिवगणाराधनेत एका बाईने आम्हाला या कथेचा आणखी एक अर्थ शिकवला. तो या अंकात आपल्यापुढे ठेवावा, असे मनात आहे.

ती आराधना मठाच्या एका जुन्या भक्ताची होती. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते लिंगैक्य झाले. बेळगाव भागातल्या एका लहान गावचे हे गृहस्थ १९५८ साली सैन्यात गेले, एकवीस वर्षे तोफखान्यात राहिले आणि १९७९ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन परत आले. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे देत नाही. सारे गाव त्यांना 'हवालदार' म्हणे, आम्हीही तसेच म्हणतो.

प्रसाद होण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे चार जण बोलायला उभे राहिले. एकाने सांगितले, हवालदारांनी १९६५ च्या युद्धात एकट्याने शत्रूचे कितीतरी रणगाडे उडवले. दुसऱ्याने सांगितले, त्यांना शौर्याबद्दल चार पदके मिळाली होती. तिसऱ्याने सांगितले, असा संसारी माणूस विरळा, त्यांनी कधी आवाज चढवून बायकामुलांना शब्द बोलला नाही. लोक माना डोलवत होते. आम्हीही डोलवत होतो, हे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात त्यांची थोरली लेक उभी राहिली. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, हातात टाळ्या घेणाऱ्या वक्त्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "आप्पांना हे चाललं नसतं. ती चार पदकं शौर्याची नाहीत. लढाईला जे जे हजर होते त्या सगळ्यांना ती मिळाली. आप्पा स्वतः म्हणायचे, ही हजेरीची पदकं. रणगाडा उडवल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि आवाज चढवला नाही म्हणता, तर पलटणीतून आल्यावर पहिली चार-पाच वर्षं आम्ही पोरं त्यांच्या खाकरण्याला भ्यायचो. मी लहान असताना ते सुट्टीवर आले की दाराआड लपायची, कारण हा माणूस कोण ते मला ठाऊक नव्हतं. नंतर ते बदलले. कसे बदलले ते आईला ठाऊक होतं. आईचं नाव अजून कुणीच घेतलं नाही."

एवढे बोलून त्या खाली बसल्या. सभेत कुजबुज झाली. मेलेल्या माणसाविषयी, तेही जन्मदात्या बापाविषयी असे बोलावे का, असे दोघा-तिघांनी नंतर आम्हाला विचारलेही. त्या वेळी आम्ही काही उत्तर दिले नाही. त्या रात्री मठात परतल्यावर मात्र लक्कम्मा आठवली. वक्त्यांनी हवालदारांच्या झोळीत पुष्कळ जास्तीचे तांदूळ घातले होते, आणि लेकीने ते जिथले तिथे परत टाकले होते.

वाचकहो, गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे हा शिष्टाचार आहे, आणि त्यामागे दयाही आहे. मृत माणूस आपली बाजू मांडायला येऊ शकत नाही, म्हणून त्याची निंदा करू नये, हे योग्यच. परंतु निंदा न करणे वेगळे आणि खोटी स्तुती करणे वेगळे. खोट्या स्तुतीत एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. जो नव्हताच अशा माणसाचे आपण गुणगान करतो, आणि जो खरोखर होता त्याला तेवढ्या वेळात विसरून जातो. हवालदारांच्या ठिकाणी भाषणांमुळे एक रणगाडे उडवणारा वीर उभा राहिला. परंतु त्या वीराला एकही प्रश्न पडलेला नव्हता. आमच्या ओळखीच्या हवालदारांना पडलेला होता. तो प्रश्न सांगितल्यावाचून त्यांचे स्मरण पुरे होणार नाही.

१९९९ सालचा श्रावण. कारगिलचे युद्ध जुलैत संपले होते. दूरदर्शनवर डोंगरावर आग ओकणाऱ्या तोफा सगळ्या देशाने पाहिल्या होत्या, गावोगावी माजी सैनिकांचे सत्कार चालू होते. मठात श्रावणाचे प्रवचन होते. आम्ही पीठावर येऊन फार दिवस झाले नव्हते. प्रवचन संपल्यावर सगळे गेले तरी हवालदार खांबाशी बसून राहिले. आम्ही म्हणालो, "हवालदार, पुढे या. आज तुमच्या सत्काराला गेला नाहीत म्हणे?"

ते पुढे येऊन बसले. थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी तोफेची गोष्ट सांगितली. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात ते शिकले. त्यांची तोफ २५ पौंडी. तिचा गोळा साधारण साडेअकरा किलोचा, आणि तो जास्तीत जास्त सुमारे १२ किलोमीटरवर जाऊन पडे. तोफेवर सहा माणसे. पुढे आघाडीवर एक अधिकारी दुर्बीण घेऊन बसलेला असे. तो बिनतारी यंत्रावरून आकडे सांगे. ते आकडे तोफेपर्यंत पोहोचले की नळी त्या कोनावर आणणे, आणि हुकूम झाला की खटका ओढणे, हे हवालदारांचे काम. १९६५ साली सियालकोट आघाडीवर आणि १९७१ साली शकरगडच्या बाजूला, दोन्ही युद्धांत त्यांनी हेच केले.

"स्वामीजी," ते म्हणाले, "टीव्हीवर तोफ सुटली की माझी बोटं आपोआप वळतात बघा. मग रात्री झोप येत नाही. उजव्या हातानं खटका ओढलाय. डाव्या तळहातावर रोज लिंग घेतो. दोन्ही हात एकाच तांब्याच्या पाण्यानं धुतो. हे चालतंय काय?"

आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेत झालेले. उत्तर जिभेवरच होते. आम्ही त्यांना गीतेचा दुसरा अध्याय समजावून सांगितला. स्वधर्म, क्षात्रधर्म, निष्काम कर्म, हे सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. आमचे संपल्यावर म्हणाले, "अर्जुनाला समोर कोण उभं आहे ते दिसत होतं, स्वामीजी. सगळ्यांची नावं त्याला ठाऊक होती. मला कधीच काय दिसलं नाही. आकडा आला, आकड्यावर नळी लावली, खटका ओढला. तिथं छावणी होती, का शेत होतं, का कुणाचं घर होतं, आजवर कळलं नाही. कुणाला मारलं हेच ठाऊक नसेल तर कुणाची क्षमा मागायची?"

आम्ही पुन्हा काहीतरी श्लोकाधाराने बोललो. ते "बरं, स्वामीजी," म्हणाले, नमस्कार करून उठले आणि अंधारात गेले. आपले उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही हे आम्हाला त्याच क्षणी कळले. का पोहोचले नाही, हे कळायला मात्र बरीच वर्षे लागली.

पहिले कारण असे की ते उत्तर आमचे नव्हते. क्षत्रियाचा धर्म युद्ध, हे वर्णाच्या आधाराने दिलेले उत्तर आहे. शरणांनी तर जन्मावरून ठरणारा वर्णच नाकारला. हवालदार क्षत्रिय म्हणून सैन्यात गेले नव्हते. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आणि खाणारी तोंडे पुष्कळ, म्हणून गेले होते. ज्या बसवण्णांच्या नावाने आम्ही पीठावर बसतो, त्यांनी सांगितलेल्या सात वर्ज्यांत हत्येचे वर्ज्य अगदी सुरुवातीलाच येते. दयेला त्यांनी धर्माचे मूळ मानले. अशा परंपरेतला माणूस अशा परंपरेतल्या मठात येऊन प्रश्न विचारतो, आणि आम्ही त्याला दुसऱ्याच्या घरातले उत्तर काढून देतो. तेही एक प्रकारे जास्तीचे तांदूळच होते.

दुसरे कारण आम्हाला महाभारतानेच दाखवले. गीता युद्धापूर्वीच्या प्रश्नाला उत्तर देते. शस्त्र उचलावे की नाही, हा अर्जुनाचा प्रश्न. परंतु युद्ध संपल्यावर, जिंकल्यावर, युधिष्ठिराला वेगळाच प्रश्न पडतो. त्याला राज्य नको होते. मेलेल्यांचा शोक त्याला सिंहासनावर बसू देईना. त्या वेळी त्याला गीता सांगून भागले नाही. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांनी त्याला जे सांगितले त्याचे शांतिपर्व झाले, आणि ते महाभारतातले सर्वांत मोठे पर्व आहे. युद्धापूर्वीची शंका अठरा अध्यायांत संपली, युद्धानंतरची शंका मिटवायला एवढे मोठे पर्व लागले. आम्ही युधिष्ठिराच्या प्रश्नाला अर्जुनाचे उत्तर दिले होते.

कुणी म्हणेल, शरणांच्या परंपरेत शस्त्र धरलेच नाही काय? धरले. कल्याणक्रांतीनंतर शरण उळवीकडे निघाले तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी मडिवाळ माचिदेव लढले, असे परंपरा सांगते. आपल्या भागातली कित्तूरची राणी चन्नम्मा १८२४ साली इंग्रजांशी लढली आणि १८२९ साली बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना गेली. तिच्या नावाने आपण जयंत्या करतो आणि त्या करणे योग्यच आहे. दुर्बळाच्या रक्षणासाठी कुणीतरी उभे राहावे लागते, ही गोष्ट शरणांनाही माहीत होती. म्हणून सैनिकाचे काम हे कायक नव्हे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रक्षणासाठी करावी लागली म्हणून हत्या ही हत्या राहत नाही, असेही आम्ही म्हणू शकत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. त्या शेजारी शेजारी तशाच राहतात, आणि ज्याच्या वाट्याला त्या येतात त्याला दोन्ही घेऊन जगावे लागते. हवालदार तसे जगले. कसे जगले ते आता सांगतो.

त्यांचे लग्न १९६१ साली झाले. त्यानंतरची अठरा वर्षे नवरा वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर येणार, युद्ध असेल त्या वर्षी तेही नाही. पंजाबातून निघाले की गाड्या बदलत बदलत चौथ्या दिवशी गावी पोहोचायचे. बाकी संसार मनीऑर्डरवर आणि ५६ ए.पी.ओ.च्या पत्त्यावर जाणाऱ्या पत्रांवर. त्यांच्या पत्नीला लिहिता येत नव्हते. पत्र शाळामास्तरांकडून लिहून घ्यायचे, म्हणजे मनातले काही लिहायची सोय नाही. तीन एकर जमीन, म्हैस, म्हातारे सासू-सासरे आणि चार मुले, हे सगळे त्या माउलीने एकटीने सांभाळले. १९६५ च्या सप्टेंबरात तीन आठवडे पत्र नव्हते. तेव्हा रोज पूजा झाल्यावर ती पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायची, असे त्यांच्या शेजारणीने आम्हाला सांगितले. देशासाठी कोण लढले, असे विचारले तर आपण हवालदारांचे नाव घेतो. त्या वाटेवर उभी असलेली बाई कोणत्या हजेरीपटावर आहे?

निवृत्त होऊन हवालदार घरी आले ते पाहुण्यासारखे. घर त्यांच्यावाचून चालायला शिकलेले होते. कोणती म्हैस केव्हा व्याली, कोणत्या पोराला काय आवडते, त्यांना काहीच ठाऊक नव्हते. पलटणीतल्यासारखा हुकूम करायला जायचे आणि घरात कुणी हलायचे नाही. लेक म्हणाली तो राग त्या वर्षांतला. तो एका दिवसात गेला नाही. त्यांनी स्वतःच एकदा सांगितले की एका दुपारी रागाच्या भरात त्यांनी ताट भिरकावले, आणि पत्नीने काही न बोलता सांडलेला भात एक एक शीत वेचून पुन्हा ताटात ठेवला. "त्या दिवसापासून मी शिकाऊ झालो, स्वामीजी," ते म्हणाले. "चाळिशी ओलांडल्यावर धार काढायला शिकलो, भाकरी थापायला शिकलो. पोरांची नावं ठाऊक होती, पोरं ठाऊक नव्हती. ती शिकलो."

२००४ साली त्यांच्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. त्यानंतर नऊ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. मुले, सुना सगळी करायला तयार होती. परंतु हवालदारांनी कुणाला हात लावू दिला नाही. पहाटे उठून पाणी तापवायचे, त्यांचे अंग पुसायचे, लुगडे बदलायचे, केस विंचरून वेणी घालायची, कपाळाला विभूती लावायची, मग स्वतः स्नान करून लिंगपूजा करायची आणि करुणोदक आधी पत्नीच्या ओठांना लावायचे. तोफेच्या खटक्यावर गेलेली बोटे वेणी घालायला शिकली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी ते त्यांना कुशीवर वळवत. रात्रीसुद्धा उठून वळवत. पलटणीतल्या पहाऱ्याची सवय येथे कामी आली, असे ते हसून म्हणत.

२०१० साली आम्ही त्यांच्या घरी पादपूजेला गेलो होतो. तेव्हा आम्ही सहज म्हणालो, "हवालदार, माउलीने अठरा वर्षे तुमची वाट पाहिली. त्याची फेड तुम्ही चांगली करता आहात." आमच्या मते ही स्तुती होती. ते पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, "फेड म्हणू नका, स्वामीजी. फेड झाली की माणूस मोकळा झाला. मला कारभारणीपासून मोकळं व्हायचं नाही. आणि तिकडचंही इकडं वळतं करून घेऊ नका. हिचं अंग पुसलं म्हणून तिकडं पडलेला गोळा परत येत नाही."

अकरा वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न ते विसरले नव्हते, आणि आम्हीही विसरलो नव्हतो. फरक एवढाच की आता त्यांच्याजवळ काहीतरी होते, आणि आमच्याजवळ अजूनही नव्हते.

सद्भक्तहो, या दोन वाक्यांवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आपण सर्वसाधारण माणसे धर्माकडे जमाखर्चाच्या वहीसारखे पाहतो. एका पानावर पाप, दुसऱ्यावर पुण्य, आणि शेवटी वजाबाकी. इतके दान केले म्हणजे तितके दोष गेले. शरणांनी दासोह सांगितला तो या हिशेबासाठी नव्हे. बदल्यात काही मिळवण्यासाठी दिले तर तो व्यापार, दासोह नव्हे. हवालदारांनी नऊ वर्षांच्या सेवेचा उपयोग जुने ओझे उतरवायला केला नाही. सेवा सेवेच्या जागी ठेवली, ओझे ओझ्याच्या जागी ठेवले. आपल्या वाट्याचे तेवढेच घ्यायचे, ही लक्कम्माची शिकवण त्यांनी शांतीच्या बाबतीतही पाळली. त्यांना सुटकेचे जास्तीचे तांदूळ नको होते.

मग त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर काय? हा हात लिंग धरायला चालतो काय? आज आम्हाला विचारले तर आम्ही एवढेच सांगू. इष्टलिंग हे निर्दोष माणसाला मिळणारे पारितोषिक नव्हे. तसे असते तर आमच्यासह कुणाच्याच तळहातावर ते राहिले नसते. रोज सकाळी ते हातावर घेऊन त्याच्यासमोर खोटे बोलायचे नाही, एवढीच त्याची अट. हवालदार चाळीसहून अधिक वर्षे रोज त्या लिंगासमोर बसले आणि एकदाही स्वतःला म्हणाले नाहीत की काही घडलेच नाही. न पाहिलेल्या माणसाविषयी, ज्याला सगळे शत्रू म्हणतात अशा माणसाविषयी, त्यांच्या मनात टोचणी राहिली. बसवण्णांनी जिला धर्माचे मूळ म्हटले ती दया याहून वेगळी काय असते? टोचणी लागते म्हणून तो हात अपात्र ठरत नाही. ज्याला टोचणीच नाही त्याने काळजी करावी.

आणि येथे आपल्या सर्वांचा संबंध येतो. तो खटका ओढण्याचा हुकूम त्यांना एका अधिकाऱ्याने दिला, अधिकाऱ्याला त्याच्या वरच्याने, आणि सर्वांत वर बसलेल्यांना आपण, या देशातल्या लोकांनी बसवले होते. त्या रात्री आपण किंवा आपले वडील घरात सुखाने झोपले होते ते त्या तोफेच्या आडोशाने. मग तिच्या गोळ्याचा प्रश्न एकट्या तीन एकर कोरडवाहूच्या मालकाने आयुष्यभर का वाहावा? सैनिकाचा सत्कार करून, शाल घालून, वीर म्हणून आपण त्याच्या प्रश्नातला आपला वाटा टाळतो. खोट्या स्तुतीतला खरा दोष हा आहे. ती गेलेल्याला मोठे करते असे दिसते, प्रत्यक्षात ती जिवंतांना मोकळे करते. हवालदार १९९९ च्या सत्काराला का गेले नाहीत, हे आम्हाला आता समजते.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे आहे. आपल्या घरी शिवगणाराधना होईल तेव्हा गेलेल्या माणसाने जे केले ते सांगा, जेवढे केले तेवढेच सांगा. त्याला ज्यांनी तोलून धरले त्यांची नावे घ्या, विशेषतः ज्या बायकांची नावे कोणत्याही दगडावर कोरली जात नाहीत त्यांची. त्याच्या चुका निंदा म्हणून सांगू नका, परंतु तो कुठून कुठे आला हे कळण्यापुरत्या सांगायला भिऊ नका. ताट भिरकावणारा माणूस वेणी घालायला शिकला, हे त्या लेकीच्या तोंडून कळले म्हणून त्या वेणीची किंमत आपल्याला समजली. आणि त्याचा एखादा प्रश्न मागे राहिला असेल तर तो मातीत पुरू नका. तो आता तुमचा आहे.

आपल्या गावात अजून असे वृद्ध सैनिक आहेत. १९७१ साली जे पंचवीस वर्षांचे होते ते आता ऐंशीच्या घरात आहेत. १५ ऑगस्टला त्यांना खुर्चीवर बसवून हार घालता ते घाला. परंतु एखाद्या साध्या दिवशी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. किती मारले, असे मुलांसमोर विचारू नका. त्यांना बोलायचे असेल तर ते बोलतील. उत्तर देण्याची घाई करू नका. आम्ही ती घाई केली होती, म्हणून सांगतो.

हवालदारांच्या पत्नी २०१३ साली लिंगैक्य झाल्या. त्यानंतरची नऊ वर्षे ते एकटे राहिले. सकाळी पूजा, मग शेत, संध्याकाळी नातवंडांचा अभ्यास. लाकडी पेटीत ती चार पदके एका फडक्यात बांधलेली होती, आणि त्याच फडक्यात पत्नीची फणी होती, असे त्यांच्या लेकीने आम्हाला नंतर सांगितले. पेटीत आणखी काही नव्हते.

अंत्यविधीच्या वेळी आम्ही उपस्थित होतो. माजी सैनिक पुष्पचक्र घेऊन आले होते. आपल्या रीतीप्रमाणे त्यांना बसवले, अंगाला विभूती लावली, बिल्वपत्रे वाहिली आणि डाव्या तळहातावर त्यांचे इष्टलिंग ठेवले. ते हातावर नीट राहावे म्हणून कुणीतरी आधार द्यायला हवा होता. लेक पुढे झाली. तिने बापाचा उजवा हात उचलला आणि डाव्या हाताखाली आधाराला लावला. ज्या हाताविषयी त्यांनी आम्हाला विचारले होते तोच हात शेवटी लिंगाखाली होता. लेकीला त्या प्रश्नाची काही माहिती नव्हती.

शरणु शरणार्थ.